एकच कांजी, पाच उच्चार: या चुका टाळा

२०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला रविवार होता. जपानमध्ये त्या तारखेला संस्कृती दिनाची सुट्टी असते. 'तीन तारीख, रविवार, संस्कृती दिन, सार्वजनिक सुट्टी' एवढं जपानीत लिहिलं, की 'दिवस' या अर्थाची एकच कांजी (चिनीतून जपानीत आलेलं अक्षर, इथे 日) पाच वेळा येते आणि पाचही वेळा वेगळी वाचली जाते. मिक्का यातला 'का', निचियोऽबि यातले 'निचि' आणि 'बि', बुन्का नो हि यातला 'हि' आणि शुकुजित्सु यातला 'जित्सु'. जपानी मुलं ही कांजी पहिलीतच शिकतात. काढायला चारच रेघा, पण आपल्याकडचे जपानी शिकणारे बरेच जण पहिल्याच महिन्यात हिच्यापाशी अडकतात.

कारण साधं आहे. वहीत 'सूर्य, दिवस: निचि, जित्सु, हि, का' असं लिहून ते पाढ्यासारखं घोकलं जातं. चारही उच्चार पाठ होतात आणि समोर शब्द आला की कुठला लावायचा तेच सुचत नाही. मराठीत '२' एकटा असला तर आपण दोन म्हणतो, पुढे 'रा' दिसला की दुसरा. ही यादी आपल्याला कुणी पाठ करायला लावली नव्हती, शब्द कानावर पडत गेले. इथेही तसंच करा. 'निचि' आणि 'जित्सु' हे दोन्ही उच्चार चीनमधूनच आले, फक्त वेगवेगळ्या काळात. 'जित्सु' नंतरचा, तांग राजवटीच्या काळातला. त्यामुळे 'रोज' म्हणजे माइनिचि आणि 'सुट्टीचा दिवस' म्हणजे क्यूजित्सु असं का, याचा नियम शोधत बसू नका. अख्खा शब्द घ्या. 'हि'चा 'बि' होतो तो मात्र आपल्या ओळखीचा प्रकार: वाक् + ईश = वागीश, तसाच जोडताना आवाज मऊ होतो.

'आज' म्हणजे क्योऽ. हा दोन कांजींचा शब्द, पण त्यातला कुठला आवाज कुठल्या कांजीचा हे विचारण्यात अर्थ नाही, उच्चार दोघींचा मिळून आहे. आणखी एक गंमत: 'एक' आणि 'दिवस' या दोन कांजी शेजारी आल्या, तर एक तारीख असेल तेव्हा त्सुइताचि वाचायचं आणि एक दिवसाचा अवधी असेल तेव्हा इचिनिचि. संदर्भ न पाहता वाचलंत तर फसलात.

लिहिताना आपली देवनागरीच आडवी येते. आपण आधी अक्षर काढतो, शिरोरेघ शेवटी ओढतो. इथे आधी डावी उभी रेघ, मग वरची आडवी आणि हात न उचलता तिलाच लागून उजवी उभी, मग मधली आणि शेवटी तळाची. वरचा कोपरा एकाच रेघेत वळतो, म्हणूनच रेघा चार भरतात, पाच नाहीत. आकार रुंदीपेक्षा उंच ठेवा. आत दोन आडव्या रेघा पडल्या तर तो 'डोळा' झाला, डोक्यावर छोटा फटकारा आला तर 'पांढरा'. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, हाताने लिहायचं नसतं, म्हणून अनेक जण लिहिणं सोडून देतात. मला ते पटत नाही, कारण असे बारीक फरक हात फिरल्याशिवाय डोळ्याला दिसत नाहीत.

उच्चार देवनागरीत टिपताना शुद्धलेखनाची सवय बाजूला ठेवा. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, त्यामुळे वहीत 'निची', 'जित्सू' होतं आणि मग बोलतानाही तसंच लांबतं. 'त्सु' मात्र आपल्याला फुकटात मिळालाय. 'चूक' मधला च म्हणा, फक्त उकार आखूड ठेवा. खरा घोळ 'ओ'चा. देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे नाहीत, म्हणून दीर्घ असेल तिथे मी अवग्रह लावते. चार तारीख म्हणजे योक्का, आठ तारीख म्हणजे योऽका. दोन्हीकडे नुसतं 'योका' लिहिलंत, तर आठ तारखेच्या जेवणाला चार दिवस आधीच दारात उभे राहाल.