वापरकर्त्यांच्या सहभागाचे टप्पे साजरे करताना या चुका टाळा

एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या प्रकल्पात वापरकर्त्यांच्या तक्रारी आणि सूचना पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. एका बाईंची १००वी बग नोंद, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाची तक्रार, आली आणि त्यांना आपोआप बॅज गेला. त्याच आठवड्यात, बरेच दिवस हालचाल नाही म्हणून बॉटने त्यांची एक जुनी, अजून न सुटलेली नोंद बंद करून टाकली. त्यानंतर त्या फिरकल्याच नाहीत. अभिनंदन पाठवणारं यंत्र आणि नोंद बंद करणारं यंत्र यांच्यामध्ये त्यांचं लिखाण वाचणारं माणूस कुठेच नव्हतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

नुसता आकडा मोजणं

टप्पा जवळ आला की त्याच त्या तक्रारी नव्याने येऊ लागतात, ‘मलाही हेच होतंय’ अशा एका ओळीच्या प्रतिक्रिया वाढतात. असं दिसलं तर बक्षीस संख्येला मिळतंय हे ओळखा. हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सला हातभार लावण्याचा ऑक्टोबरमधला उपक्रम. २०२०मध्ये त्यात चार पुल रिक्वेस्टला, म्हणजे प्रकल्पाला पाठवलेल्या चार बदलांच्या प्रस्तावांना, टी-शर्ट होता. माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, वैतागले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आयोजकांना नियम बदलावा लागला. प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल, तरच तिथलं काम धरायचं असं ठरलं.

उपाय असा की दुसऱ्या कोणाला तरी तो दोष पुन्हा घडवून पाहता आला, अशाच नोंदी मोजा. मात्र ‘ड्युप्लिकेट’ लेबल लागलेलं सगळं सरसकट वगळू नका. जुनाच दोष वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दिसल्याचं कोणी लॉगसह (प्रोग्रॅमने आपोआप ठेवलेल्या नोंदींसह) कळवलं असेल, तर त्या माहितीमुळेच कारण सापडू शकतं. हा निवाडा स्क्रिप्टवर सोडता येत नाही. त्यासाठी नोंद वाचावीच लागते.

सलग दिवसांची मालिका

कोड ठेवण्याचं संकेतस्थळ असलेल्या गिटहबने २०१६मध्ये प्रोफाइलवरून, सलग किती दिवस काम केलं, हा आकडा काढून टाकला. कोड लिहिणाऱ्यांसाठीही जो ताण ठरतो, तो अभिप्राय देणाऱ्यांवर का लादायचा? सॉफ्टवेअर नीट चालतंय म्हणून कोणी दोन महिने आलं नाही, तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. चर्चेसाठी डिस्कोर्स हे फोरम सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथली तिसरी विश्वास पातळी (सदस्याला मिळणारा दर्जा) साधारण गेल्या १०० दिवसांच्या वावरावर ठरते आणि वावर कमी झाला की जातेही. हे लोकांना आधीच सांगा, नाहीतर अचानक उतरलेली पातळी अपमानासारखी लागते. पहिल्या नोंदीला वर्ष झालं, हा टप्पा मला जास्त बरा वाटतो. मध्ये कितीही खंड पडला तरी तो हिरावला जात नाही.

कोड लिहिणाऱ्याचंच कौतुक

लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलच्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीत, ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा ओळी असतात. दोष शोधणाऱ्याचं आणि दुरुस्ती तपासणाऱ्याचं नाव दुरुस्तीलाच कायमचं जोडलं जातं. वेगळ्या समारंभापेक्षा ही रीत मला कितीतरी मोलाची वाटते. तुमच्या रिलीज नोट्समध्येही (नव्या आवृत्तीसोबतच्या बदलांच्या यादीतही) प्रत्येक दुरुस्तीपुढे ती कळवणाऱ्याचं नाव येऊ द्या.

नाव छापण्याआधी विचारा मात्र. कर्नलच्या नियमांतही, दोष खासगीत कळवला असेल तर आधी परवानगी घ्या, असं सांगितलंय.

चूक होऊन गेली असेल तर

चुकीच्या निकषावर दिलेले बॅज परत घेऊ नका. नियम पुढच्यासाठी बदला आणि तसं जाहीर करा. बॉटने बंद केलेल्या नोंदी टप्पा गाठलेल्या माणसाच्या नावाने शोधून तपासा. दोष अजून असेल तर नोंद पुन्हा उघडा. मगच अभिनंदन लिहा, तेही हाताने, आणि त्यात कोणती नोंद, कोणत्या आवृत्तीत, काय बदललं एवढं तरी असू द्या. काहीच बदललं नसेल तर तेही सरळ सांगा.

त्या बाईंच्या १०० नोंदी मी नंतर दोन संध्याकाळी बसून वाचल्या. बऱ्याच दुरुस्त झाल्या होत्या, पण त्यांना कोणीच कळवलं नव्हतं. मी आवृत्त्यांसह यादी करून त्यांना पाठवली. ती बॅजच्या आधी जायला हवी होती.