घोड्यावरचं ओझं एका बाजूला सरकतंय?

दस्तुरी नाक्याहून माथेरानला सामान चढवताना एक गोणी जड असली की खोगीर वाटेतच कलतं. अंदाजानं उचलून पाहणं फसवं. प्रवासी बॅगेचा हातकाटा वापरा.

१. दोन्ही गोण्या स्वतंत्र तोला. फरक अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको.
२. हलक्या गोणीत दगड नको, पाण्याची बाटली टाका. एक लिटर म्हणजे एक किलो, शिवाय वाटेत प्यायलाही होते.
३. जड वस्तू तळाशी, घोड्याच्या अंगालगत.
४. दहा मिनिटं चालवून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळा. घोडा आधी पोट फुगवतो, म्हणून तंग नंतर सैल पडतो.

खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याआत ठेवा: ३०० किलोच्या तट्टाला ६० किलो. चढावर त्याहून कमीच.