एक दिवसाच्या पिल्लांतील नर-मादी पिसांवरून कसे ओळखावे

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला नर आणि मादी पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी करता आली, तर खाद्य आणि जागा या दोन्हींचे नियोजन सोपे होते. पिसांवरून ही पारख करता येते. मात्र ती ठरावीक संकरातून जन्मलेल्या पिल्लांतच खरी ठरते, म्हणून पिल्लू हातात घेण्याआधी त्याचे आईबाप कोणते हे निश्चित माहीत असले पाहिजे.

कोंबड्यात लिंग ठरवणारी झेड गुणसूत्रे दोन असतात, तर कोंबडीत एकच. त्यामुळे मादी पिल्लाला ते केवळ बापाकडून मिळते, आणि नराला दोघांकडून. पिसे सावकाश वाढवणारे प्रभावी, म्हणजे एकच प्रत असली तरी परिणाम दाखवणारे, जनुक याच गुणसूत्रावर असते. जलद पिसे येणारा कोंबडा आणि सावकाश पिसे येणारी कोंबडी यांचा संकर केला, की सर्व माद्या बापावर जातात आणि सर्व नर आईवर.

पिल्लू सुकल्यावर, शक्यतो पहिल्या २४ तासांत, ते अलगद मुठीत धरावे, पंख पूर्ण पसरावा आणि चांगल्या उजेडात त्याची कडा पाहावी. तेथे उड्डाणपिसांची एक ओळ आणि त्यांचे बूड झाकणाऱ्या आच्छादन पिसांची दुसरी ओळ दिसते. उड्डाणपिसे स्पष्टपणे लांब असतील तर पिल्लू मादी समजावे. दोन्ही ओळी सारख्या असतील किंवा आच्छादन पिसेच लांब असतील तर नर. एखाद्या पिसावर विसंबू नये, पूर्ण ओळ पाहावी. उशीर झाल्यास हा फरक पुसट होत जातो, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक महागात पडते.

रंगाची पारख त्याहून सोपी आहे. रोड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्ले काळी असतात, पण नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. पीस वाढत असताना त्यात रंगद्रव्य उतरणे ठरावीक अंतराने थांबवणारे, म्हणजेच पट्टे उमटवणारे जनुक त्यांना आईकडून मिळालेले असते. त्याच कोंबड्यापासून लाइट ससेक्स कोंबडीला झालेल्या पिल्लांत माद्या तांबूस आणि नर फिकट पिवळे निघतात. व्हाइट लेगहॉर्नमध्ये मात्र प्रभावी पांढरेपणाचे जनुक काळा रंग दडवते, म्हणून तेथे पंखच पाहावा.

या पिल्लांचा पुढे आपसांत संकर केल्यास दोन्ही प्रकारची पिसे नरांत आणि माद्यांत सारखीच दिसू लागतात. म्हणून पारख टिकवायची असेल तर मूळ दोन वाण वेगवेगळे आणि शुद्ध राखावेत.