रीफ टँकसाठी घरच्या घरी चांदणं: आधी काय काय जमवून ठेवायचं

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, आणि त्यावर रात्री लावायचा मंद निळा उजेड म्हणजे चांदणं. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, चांदणं म्हणजे अंधारच, त्यात जेमतेम दिसेल एवढाच उजेड. खऱ्या पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्ससुद्धा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) भरत नाही आणि आपण टँकवर निळा हॅलोजन लावल्यासारखं करून ठेवतो, मग मासे झोपत नाहीत आणि कोरलला रात्र मिळत नाही.

तर ५ एमएमचे निळे एलईडी घ्या, ४७० नॅनोमीटरच्या आसपासचे, सुरुवातीला तीन पुरतात. सोबत १२ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॅप्टर. तो जुना ट्रान्सफॉर्मरवाला जड असेल तर जोडायच्या आधी मल्टीमीटरने मोजाच, कारण लोड नसताना तो १५-१६ व्होल्टसुद्धा देतो आणि एलईडी जातात. तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, लावले की साधारण साडेनऊ व्होल्ट तिथेच खर्च होतात, उरलेल्या अडीचसाठी १५० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) लावला तर १६ मिलीअ‍ॅम्प जातो, म्हणजे फुल उजेड. पण मी म्हणेन १ किलोओहमचाही आणून ठेवा. त्याने जेमतेम काही मिलीअ‍ॅम्पच करंट जातो, एलईडी तरीही छान पेटतो आणि टँकला खरं तर तेवढंच शोभतं. लांब पाय प्लस, हे विसरू नका.

आता मिठाचं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि वाफ कुठेही पोचतात, माझी पहिली एलईडीची पट्टी उघड्या सोल्डरवर ठेवली होती ती काही महिन्यांत हिरवी पडली, आणि ते हिरवं म्हणजे तांबं, जे पाण्यात पडलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांना विष. म्हणून प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), वर अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन (बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं चालत नाही), आणि पट्टी अ‍ॅक्रिलिकची, ५ एमएमची भोकं पाडून. सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत, एखादा दिवस तरी, टँकवर चढवायची घाई करू नका. अ‍ॅडॅप्टर पाण्यापासून लांब, वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब तिथूनच गळून जाईल, आणि सप्लाय आरसीसीबीवरूनच (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) घ्या.

टायमर लागतोच. मेन लाइट बंद झाले की तीन-चार तास पुरे, नंतर पूर्ण काळोख. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं असतं, तेव्हा अमावास्येच्या आसपासच्या तीन-चार रात्री बंदच ठेवा. ग्रेट बॅरियर रीफवर कोरल पौर्णिमेनंतरच्या रात्रींना एकदम अंडी सोडतात, आणि अ‍ॅक्रोपोरा नावाच्या कोरलमध्ये निळा उजेड ओळखणारी क्रिप्टोक्रोम प्रोटीन्स असल्याचं २००७ मध्ये दाखवलं गेलंय, म्हणजे चांदणं त्यांना कळतं. घरच्या टँकमध्ये अंडी सुटतील असं नाही, पण पॉलिप्स (कोरलचे छोटे छोटे जीव) बाहेर येऊन खाताना बघायचे असतील तर पहिल्या रात्री बाकीचे दिवे विझवून अर्धा तास तिथेच बसा, डोळे सरावू द्या, आणि मगच ठरवा उजेड कमी करायचा की नाही.