सर्च इंडेक्समधली खासगी माहिती एन्क्रिप्ट कशी करावी

डेटाबेसला कडेकोट बंदोबस्त, बॅकअपला वेगळी किल्ली, आणि शोध जलद व्हावा म्हणून उभारलेल्या इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरमध्ये मात्र तीच नावं, तेच मोबाइल नंबर उघडे. असं सर्रास दिसतं, कारण शोधासाठी बांधलेला इंडेक्स ही माहितीची दुसरी प्रत आहे हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये सुरक्षेच्या सोयी आपोआप चालू मिळू लागल्या त्या २०२२ च्या ८.० आवृत्तीपासून. त्याआधी ९२०० हा पोर्ट (बाहेरून त्याच्याशी बोलण्याचं दार) चुकून इंटरनेटला उघडा राहिला, की कोणीही यावं आणि वाचून जावं.

आधी माहिती नेमकी कुठे कुठे साठते ते बघा. इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च आणि सोलर हे तिन्ही ल्यूसीन या शोध-लायब्ररीवर उभे आहेत. ल्यूसीन पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखी यादी करतं : हा शब्द, आणि तो या या नोंदींत. त्याशिवाय मूळ नोंद '_सोर्स'मध्ये जशीच्या तशी राहते, क्रमवारी लावण्यासाठी 'डॉक व्हॅल्यूज'मध्ये आणखी एक प्रत बनते, आणि ट्रान्सलॉग (ताज्या बदलांची नोंदवही), स्नॅपशॉट (इंडेक्सचा बॅकअप), स्लो लॉग (रेंगाळलेल्या शोधांची नोंद) यांतही तीच माहिती झिरपते.

पायरी १ : आधी कात्री लावा

प्रत्येक फील्डसाठी (म्हणजे नोंदीतल्या नाव, नंबर अशा रकान्यासाठी) एकच प्रश्न विचारा : यावर खरंच कोणी शोध घेणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर ते फील्ड इंडेक्समध्ये पाठवूच नका. इंडेक्सने फक्त नोंदीचा क्रमांक द्यावा, बाकीचं डेटाबेसमधून आणावं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा याचा फायदा मोठा, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

पायरी २ : डिस्क आणि तारेवरची वाट

इलॅस्टिकसर्च स्वतः डिस्कवरच्या फाइली एन्क्रिप्ट करत नाही. लिनक्सवर डीएम-क्रिप्ट (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) वापरा आणि नोड-नोडमधल्या, म्हणजे इंडेक्सच्या सर्व्हरांमधल्या, वाहतुकीला टीएलएस हे एन्क्रिप्शन लावा. हे हवंच, पण डिस्क चोरीला गेली तरच त्याचा उपयोग. चालू सर्व्हरवर शिरलेल्याला सगळं उघडंच दिसतं.

पायरी ३ : इंडेक्सकडे जाण्याआधीच एन्क्रिप्ट करा

म्हणून खरं काम ॲप्लिकेशनमध्ये करायचं. एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन जीसीएम नावाच्या पद्धतीने वापरा. दर वेळी नवा ९६ बिटांचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) घ्या. एकाच किल्लीबरोबर तोच नॉन्स पुन्हा आला तर जीसीएमची सुरक्षा कोसळते. नोंदीचा क्रमांक आणि फील्डचं नाव 'जोड-माहिती' म्हणून द्या, म्हणजे एकाचा सांकेतिक मजकूर उचलून दुसऱ्याच्या नोंदीत चिकटवला तर तो उघडणारच नाही. तयार झालेला मजकूर बेस-६४ करून (साध्या अक्षरांत लिहून) 'बायनरी' प्रकारच्या फील्डमध्ये ठेवा.

आता तोच नंबर दोनदा एन्क्रिप्ट केला तरी दोन वेगळे मजकूर मिळतात. सुरक्षेला हे उत्तमच, शोधाला मात्र निरुपयोगी.

पायरी ४ : शोधासाठी ब्लाइंड इंडेक्स

त्यासाठी शेजारी एक वेगळं 'कीवर्ड' फील्ड करा आणि त्यात मूळ किमतीचा (म्हणजे फील्डमधल्या नंबराचा किंवा मजकुराचा) एचमॅक-एसएचए-२५६ ठेवा, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला ठसा. शोधताना ॲप्लिकेशन विचारलेल्या नंबराचाही एचमॅक काढतं आणि तो इंडेक्समध्ये शोधतं. याची किल्ली पायरी ३ च्या किल्लीपेक्षा वेगळी हवी, आणि ती इंडेक्सच्या सर्व्हरवर कधीच नको.

नुसता हॅश, म्हणजे किल्लीशिवाय काढलेला ठसा, का चालत नाही? दहा आकडी नंबर एकूण फार तर १,००० कोटी. त्या सगळ्यांचा एसएचए-२५६ काढून ठेवणं एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचं काम आहे. किल्लीशिवाय हॅश म्हणजे कडी घातलेलं, पण कुलूप नसलेलं दार.

एचमॅक काढण्याआधी किंमत एकाच साच्यात आणा : नंबरातल्या मोकळ्या जागा आणि देशाचा कोड, ईमेलची अक्षरं, देवनागरी आकडे. नावांना यूनिकोडचं एनएफसी (एकच अक्षर साठवण्याच्या वेगळ्या पद्धती एका रूपात आणणारा नियम) लावा, पण त्यावर विसंबू नका. 'ऱ्य' मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो आणि एनएफसी त्या दोघांना एक करत नाही. तो नियम तुम्हालाच लिहावा लागेल, नाहीतर अर्धी माणसं शोधात सापडणारच नाहीत.

ब्लाइंड इंडेक्सची उणीवही ध्यानात घ्या. समान किमतींचा टोकन (एचमॅकने काढलेला ठसा) समान, म्हणून कोणती किंमत किती वेळा येते ते उघड राहतं. रक्तगट, लिंग किंवा आजार अशा मोजक्याच किमतींच्या फील्डांना हे लावू नका. समान किमतीला समान मजकूर देणाऱ्या एन्क्रिप्शनमधून अशी फील्डं केवळ वारंवारतेवरून ओळखता येतात, हे २०१५ साली मुहम्मद नवीद, सेनी कामरा आणि चार्ल्स राइट यांनी रुग्णालयांच्या नोंदींवर दाखवून दिलं.

पायरी ५ : अर्धवट शोधाची हाव आवरा

शेवटचे ४ आकडे हवे असतील तर त्यांचा वेगळा टोकन ठेवता येतो. जन्मतारखेऐवजी जन्मवर्षाचा टोकनही चालेल. स्पेलिंग चुकलं तरी सापडणं, सुरुवातीच्या अक्षरांवरून शोध, क्रमवारी, हायलाइट हे मात्र या फील्डांवर सोडून द्यावं लागतं. डॉक्टरांच्या टिपणांतला प्रत्येक शब्द एचमॅक करून शोध चालू ठेवण्याची युक्ती सुचवली जाते. शब्दांची वारंवारता इतकी बोलकी असते की मी ती वापरणार नाही.

पायरी ६ : किल्ल्या

माहितीची किल्ली मुख्य किल्लीने गुंडाळा आणि मुख्य किल्ली व्यवस्थापन सेवेत ठेवा. प्रत्येक नोंदीत किल्लीची आवृत्ती लिहा. एचमॅकची किल्ली बदलली की सगळे टोकन नव्याने काढावे लागतात, म्हणून नवा इंडेक्स भरा आणि मग एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) त्याच्याकडे वळवा.

पायरी ७ : जुना पसारा

चालू इंडेक्समध्ये नोंदी अद्ययावत करून भागत नाही. ल्यूसीनचे सेगमेंट (इंडेक्सचे तुकडे) लिहिल्यानंतर बदलत नाहीत. जुनी नोंद फक्त 'काढली' म्हणून खुणावली जाते आणि ते तुकडे मर्ज (एकत्र) होईपर्यंत डिस्कवरच राहते. एन्क्रिप्टेड माहितीने नवा इंडेक्स बांधा, जुना पूर्ण काढून टाका, जुने स्नॅपशॉटही काढा. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये एचमॅक काढण्याआधीचा नंबर छापला जात नाही ना, तेही बघा.

शेवटी खोटा पण ओळखू येणारा नंबर घालून एक नोंद करा आणि तो शोधायला निघा. फाइलींवर 'ग्रेप' (फाइलीत मजकूर शोधणारी आज्ञा) चालवून समाधान मानू नका : साठवलेली फील्डं दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली असतात, त्यामुळे उघडा नंबरही ग्रेपला दिसेलच असं नाही. ल्यूसीनबरोबर येणाऱ्या ल्यूक या साधनाने इंडेक्स उघडा, शब्दांची यादी आणि '_सोर्स' वाचा, आणि एक स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर परत उभा करून तिथेही तोच नंबर शोधा.