लिनिएजओएससाठी जुना फोन घेताना दुकानातच करायची तपासणी

लिनिएजओएसवर (अँड्रॉइडवर आधारलेली, फोनमध्ये स्वतः टाकायची मोफत प्रणाली) चालणारा फोन थकला, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून दुसरा वापरलेला घेतला आणि घरी आल्यावर कळलं की बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम, तो उघडल्याशिवाय दुसरी प्रणाली टाकता येत नाही) उघडतच नाही. हे टाळायला पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा.

१. लिनिएजच्या यादीत फोनचं नाव नव्हे, मॉडेलचं सांकेतिक नाव (कोडनेम) जुळवा. एकाच नावाच्या फोनची प्रदेशानुसार वेगळी मॉडेलं असतात.
२. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. त्यानं दिसू लागणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडू देणारं बटण) चालू होतं का पाहा. बटण राखाडी असेल तर दुकानदाराच्या हॉटस्पॉटला जोडून पुन्हा बघा. तरीही राखाडीच? फोन परत ठेवा. अमेरिकेतून आलेल्या, व्हेरायझन या मोबाइल कंपनीनं विकलेल्या गूगल पिक्सेलमध्ये हमखास असंच होतं. शाओमीत मात्र हे बटण पुरेसं नाही. कंपनीची वेगळी परवानगी लागते.
३. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. पक्कं बिल मागाच.

अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा बॅकअप आधी. आणि नव्या फोनवर यूपीआय, बँकेचं ॲप प्रत्यक्ष चालेपर्यंत जुना फोन विकू नका. काही बँकांची ॲपं अनलॉक केलेला फोन नाकारतात.