फुटलेली काच बदलायला किती वेळ लागतो?

काच बसवायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो काच तयार होऊन हातात यायला. काचकामात माझी हयात गेली, म्हणून कळकळीने सांगतो, फोनवर नुसतं ‘काच फुटली’ म्हणू नका, कोणती फुटली ते बघून सांगा. तेवढ्याने एक फेरी वाचते.

आधी तुकडे बघा. लांब, धारदार पाती झाली असतील तर साधी काच. बोथट कडांच्या बारीक खड्यांचा ढीग पडला असेल तर टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली. तडे जाऊनही जागेवरच धरून राहिली असेल तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली.

साधी काच दुकानातच कापून मिळते, त्यामुळे काम बहुतेक त्याच दिवशी होतं. लाकडी चौकटीतलं एक तावदान साधारण तासाभरात बदलून होतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ जुनी लांबी, म्हणजे काच चौकटीत पक्की करणारी पुट्टी, काढण्यात जातो. वाळून दगड झालेली असते ती. पटाशीने हळूहळू सोडवायची, काच धरून ठेवणाऱ्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, उपटायच्या, काच बसते ती खाच अगदी लाकडापर्यंत साफ करायची. इथे घाई करणाऱ्या कारागिराला मी तरी काम देणार नाही. खालचा एखादा खडा राहिला तरी नवी काच त्याच ठिकाणी दाबली जाते आणि तडकते. लाकूड कोरडं दिसलं तर आधी जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबीला भेगा पडतात. तेलाच्या लांबीवर घट्ट साय धरायला एक-दोन आठवडे जातात, रंगाऱ्याला त्यानंतरच बोलवा.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला लांबीची भानगड नाही. झडप उतरवायची, कोपऱ्याचे स्क्रू सोडायचे, रबर काढून नवी काच सरकवायची. अर्धा-पाऊण तास पुरतो. रबर कडक झालं असेल तर तेही तेव्हाच बदलून घ्या.

टफन काचेला मात्र थांबावंच लागतं. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यानंतर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला की चुरा होतो. म्हणून माप, भोकं, बिजागरीच्या खाचा, कडांची घासाई, सगळं भट्टीआधी. यात चार-पाच दिवसांपासून दोन आठवडेही जाऊ शकतात, बसवायला मात्र तास-दीड तास. जुन्या बिजागऱ्या आणि हँडल फेकू नका, भोकांची मापं त्यांवरून मिळतात. न्हाणीघरातली काच असेल तर सिलिकॉन भरल्यावर २४ तास पाणी नको.

दुहेरी काचेच्या आत वाफ धरली असेल तर ती पुसून जाणार नाही, कडेचं सील गेलेलं असतं. चौकट तशीच ठेवून आतली जोडकाच तेवढी बदलता येते. ती मापाप्रमाणे कारखान्यात बनते, दोन-तीन आठवडे धरा. माप देताना दोन्ही काचा आणि मधली पोकळी मिळून जाडी सांगा.

माप खाचेच्या आतून घ्या. रुंदी वर, मध्ये, खाली; उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा धरून त्यातून ३ ते ४ मिलिमीटर वजा करा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरपी आहे, मग पुठ्ठ्याचा फर्मा कापून द्या. जाडी तुटलेल्या तुकड्याच्या कडेवर मोजा. नक्षीची काच असेल तर फोटो पाठवा आणि रेघा उभ्या की आडव्या तेही सांगा.

तोवर तडा गेलेल्या काचेला दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावा, पडलेल्या काचेच्या जागी जाड प्लास्टिक किंवा प्लाय ठोका. हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय तुकड्यांना हात लावू नका. बारीक कण ओल्या कागदाने टिपून घ्या. पावसाने चौकट भिजली असेल तर काच तयार असली तरी लाकूड वाळेपर्यंत थांबा, ओल्यावर ना लांबी धरते ना सिलिकॉन.